‘थोडं जास्त’ म्हणजे किती?



गेल्या आठवड्याच्या पत्रांत वहीच्या फाडलेल्या पानावर लिहिलेलं एक पत्र होतं. नाव-गाव दिलेलं आहे, पण त्याखाली दोन रेघा मारून ‘हे छापू नका, मजकूर छापला तरी चालेल’ असं लिहिलंय. तेव्हा नाव माझ्याजवळच राहील. मजकूर असा:

‘ताई, मला दोन मुलं. धाकटी दहा महिन्यांची. तांबी बसवून आज एकेचाळीस दिवस झाले. बसवल्यावर सहा दिवस थोडं थोडं गेलं. मग पाळी आली ती नऊ दिवस. पूर्वी पाचव्या दिवशी मी मोकळी व्हायचे. नंतर चार दिवस बरे गेले आणि आता पुन्हा डाग दिसतोय. सिस्टरबाईंनी “थोडं जास्त जाईल, घाबरू नका” एवढंच सांगितलं होतं. सासूबाई म्हणतात, ही कसली बला लावून घेतलीस, महिन्यातले पंधरा दिवस देवाजवळ जाता येत नाही, काढून टाक. आमचे हे काहीच बोलत नाहीत. मला तिसरं मूल नको आहे. थोडं जास्त म्हणजे किती, तेवढं सांगाल का?’

पत्र वाचून मला हसू आलं आणि वाईटही वाटलं. हसू अशासाठी, की पाच वर्षांपूर्वी मी अगदी हाच प्रश्न घेऊन घरात येरझाऱ्या घालत होते. मलाही ‘थोडं जास्त’ एवढंच सांगितलं होतं. दुधात पाणी ‘थोडं’ घातलंय म्हणणारा गवळी आणि ‘थोडं’ जाईल म्हणणाऱ्या नर्सबाई, दोघांचं माप आपल्याला कधी कळत नाही! भाजीत मीठ किती घालायचं ते आपण चिमटीनं सांगतो, शिलाईला किती कापड सोडायचं ते बोटांनी सांगतो. आणि स्वतःच्या अंगावरून किती जावं हे विचारायची वेळ आली, की आवाज खाली जातो.

मी डॉक्टर नाही, अर्धवेळ मास्तरीण आहे, हे नेहमीप्रमाणे आधीच सांगते. पण माझा अनुभव आहे, आमच्या ओळखीच्या स्त्रीरोगतज्ज्ञ बाईंना खोदून खोदून विचारलेलं आहे, आणि त्यांनी वाचायला दिलेलं वाचलेलं आहे. त्यावरून लिहिते.

तांबी म्हणजे कॉपर-टी. इंग्रजी टी अक्षराच्या आकाराची लहानशी प्लॅस्टिकची काडी, तिच्यावर तांब्याची तार गुंडाळलेली, आणि खाली दोन बारीक दोरे. सरकारी दवाखान्यात फुकट बसवून मिळते. ३८० नावाची दहा वर्षं चालते, ३७५ नावाची पाच वर्षं. आपल्याला कोणती बसवली ते त्याच दिवशी विचारून घ्यावं. मी विचारलं नव्हतं, नंतर कार्ड शोधत बसले.

गर्भाशयाला ही वस्तू परकी. नवी कोल्हापुरी चप्पल पहिले काही दिवस चावते, तसंच काहीसं आतल्या अस्तराचं होतं. ते थोडं सुजतं, हुळहुळं होतं, म्हणून कळा येतात आणि रक्त जास्त जातं. त्याच सुजेमुळे आणि तांब्यामुळे पुरुषबीजाचं काही चालत नाही, म्हणून तर तांबीचा उपयोग. म्हणजे जो गुण, त्याचीच ही दुसरी बाजू. चप्पल पायाला बसायला जसे दिवस लागतात तसे इथेही लागतात. फक्त चपलेला आठ दिवस पुरतात, इथे तीन ते सहा महिने धरून चालायचं.

आता माप सांगते.

बसवल्या दिवशी पोटात कळ येते, पाळीत येते तशी, जरा जोराची. ती एक-दोन दिवसांत, फार तर चार-पाच दिवसांत ओसरते. थोडं रक्त किंवा तपकिरी डाग काही दिवस, कुणाला दोन-तीन आठवडेसुद्धा, दिसतो. हे सगळं नेहमीचं. पुढच्या तीन-चार पाळ्या लांबतात आणि वाढतात. पाच दिवसांच्या सात-आठ दिवस होतात, पहिल्या दोन दिवशी घड्या जास्त लागतात, कळाही जास्त येतात. दोन पाळ्यांच्या मध्ये अधूनमधून डाग दिसतो. हे हळूहळू कमी होत जातं. बहुतेकींचं सहाव्या महिन्यापर्यंत पुष्कळ ताळ्यावर येतं. अगदी पूर्वीसारखं होईलच असं मात्र नाही. काही जणींची पाळी तांबी असेपर्यंत पूर्वीपेक्षा जराशी जास्तच राहते, आणि तब्येत चांगली असेल तर त्यात काही बिघडत नाही.

रक्त किती, हा प्रश्न उरलाच. एरवी एका पाळीत बाईचं साधारण ३० ते ४० मिलिलिटर रक्त जातं, म्हणजे जेवणाचे दोन-अडीच मोठे चमचे. मला हे ऐकून खरं वाटेना. बघायला ते कितीतरी जास्त वाटतं! ८० मिलिलिटरच्या पुढे गेलं की डॉक्टर त्याला जास्त म्हणतात, म्हणजे टपरीवरचा कटिंग चहाचा ग्लास जवळजवळ भरेल एवढं. आता घरात कुणी मोजपात्र घेऊन बसत नाही. म्हणून घड्यांचं माप ठेवायचं. दर दोन-तीन तासांनी बदलावी लागते, रात्री एकदा उठावं लागतं, हे पहिल्या महिन्यांत चालतं. पण तासाभरात एक पूर्ण भिजली, पुढच्या तासात दुसरीही भिजली, आणि असंच चालू राहिलं, तर दुसऱ्या दिवसाची वाट पाहायची नाही, त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. मोठमोठ्या गाठी पडत असतील, चक्कर येत असेल, तरीही तसंच. आणि पाळी आठ दिवसांच्या पुढे जात असेल किंवा पूर्वीच्या दुप्पट वाटत असेल, तर घाबरायचं नाही, पण जाऊन सांगायचं.

मी माझ्यासाठी काय केलं ते सांगते. आमच्या स्वयंपाकघराच्या दारामागे कालनिर्णय असतं. त्यावर दुधाचा हिशेब मी लिहिते: लिटर आलं की एक, खाडा असला की फुली. त्याच चौकोनात खालच्या कोपऱ्यात लाल पेनानं मी खुणा करू लागले. नुसता डाग असेल तर टिंब, मध्यम असेल तर अर्धं वर्तुळ, जोरात असेल तर पूर्ण वर्तुळ भरलेलं. शेजारी घड्यांचा आकडा. एवढंच. एक दिवस आमच्या ह्यांनी विचारलं, ‘दूधवाल्याचे हे लाल कसले?’ मी सांगितलं, दूधवाल्याचे नाहीत, माझे आहेत. ते जरा गडबडले. पण दुसऱ्या महिन्यात तेच म्हणाले, ‘मागल्या खेपेपेक्षा कमी दिसताहेत गं.’ चौदा वर्षांच्या संसारात पाळीबद्दल ते आपणहून बोलले ती ही पहिली वेळ.

माझं पान असं होतं. पहिल्या महिन्यात नऊ दिवस, दुसऱ्या दिवशी सात घड्या. मग मध्ये चार टिंबं. दुसऱ्या महिन्यात आठ दिवस. तिसऱ्यात पुन्हा आठ, पण भरलेली वर्तुळं तीनवरून दोनवर आली होती. चौथ्यात सात. सहाव्या महिन्यात सहा दिवस, आणि तिथेच थांबलं. पूर्वी पाच होते. कालनिर्णयाची ती पानं समोर नसती तर तिसऱ्या महिन्यात मी खात्रीनं म्हटलं असतं की काही फरक नाही, वाढतंच आहे. आपल्याला वाईट दिवसच आठवतात, बरे दिवस कामात निघून जातात.

त्या दिवसांत वर्गात उभं राहण्याचा मात्र मला धसका बसला होता. सातवीच्या वर्गात शिवाजी महाराज आग्र्याहून सुटताहेत, आणि मी फळ्याकडे पाठ करायला भीत होते. गडद साडी, पर्समध्ये दोन जादा घड्या आणि जुन्या पेपरात गुंडाळलेला एक परकर, असा तीन महिने माझा जामानिमा होता. ज्यांना दिवसभर उभ्यानं काम असतं, शेतात, कारखान्यात, त्यांनी बसवण्याचा दिवस ठरवताना पुढच्या दोन पाळ्या कुठे येतात तेवढं जरूर बघावं. लग्नसराईच्या तोंडावर किंवा सुगीत नको. तांबी बहुधा पाळीच्या दिवसांत किंवा पाळीनंतर लगेच बसवतात, कारण तेव्हा दिवस गेलेले नाहीत याची खात्री असते. बाळंतपणानंतर दवाखान्यातच ४८ तासांच्या आत बसवली असेल तर गोष्ट वेगळी. बाळंतपणाचं जाणंच चार-सहा आठवडे चालतं, त्यात तांबीचं कोणतं आणि बाळंतपणाचं कोणतं हे ओळखू येत नाही, म्हणून उगाच तांबीला दोष द्यायचा नाही.

आमच्या घरात एवढी भीती का होती, हेही सांगायला हवं. माझ्या आजेसासूबाई आज पंच्याऐंशीच्या पुढे आहेत. ‘तांबी’ शब्द ऐकून त्यांनी मला एकटीला जवळ बोलावलं आणि सांगितलं, ‘मला लूप बसवला होता. शिबिरात.’ तेव्हा त्या पंचविशीच्या होत्या, चार मुलं झालेली. आपल्याकडे सरकारी कुटुंबनियोजनात लूप आला तो १९६५ साली. नुसत्या प्लॅस्टिकचा, नागमोडी वळणाचा. शिबिरं भरली, देशभर लाखो बायकांना बसवले. पण नंतर काय होईल हे नीट सांगणारं कुणी नव्हतं, आणि पुन्हा येऊन तपासणारंही फारसं नव्हतं. आजी म्हणतात, ‘दोन महिने नुसती नदी. विचारायचं कुणाला? सासूला सांगायची सोय नव्हती, तिला न सांगता गेले होते.’ शेवटी गावातल्या सुइणीनं ओढून काढला. दोनच वर्षांनी पाचवं मूल. त्या बाळंतपणात आजी जगल्या हेच नशीब, असं घरात सगळे म्हणतात.

असं एकट्या आमच्या आजींचं झालं नाही. गावोगाव बायका आपापसात ‘लूपनं अंगावरून जातं’ असं सांगू लागल्या आणि एक-दोन वर्षांतच लूप मागणाऱ्या कमी झाल्या. खरं तर जाणार हे डॉक्टरांना माहीत होतं, बायकांना माहीत नव्हतं. सत्तरच्या दशकात तांब्याची तार गुंडाळलेली टी आली. आकार गर्भाशयाला जास्त जुळणारा, म्हणून त्रास लूपपेक्षा कमी. पण घरातल्या बायकांच्या मनात भीती राहिली ती लूपचीच. १९२१ मध्ये र. धों. कर्व्यांनी मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं त्याला शंभर वर्षं उलटून गेली, आणि अजून आपण ‘ते’ आणि ‘तसलं’ म्हणूनच बोलतो.

आजींसारखं घाबरून काढून टाकणं ही झाली एक चूक. दुसरी याच्या अगदी उलट, आणि ती शिकल्या-सवरलेल्या बायका जास्त करतात. आमच्या शाळेत एक बाई आहेत, वयानं माझ्यापेक्षा मोठ्या. तांबी बसवून त्यांना तीन वर्षं झाली होती आणि सगळं सुरळीत होतं. मग पाळी वाढू लागली. दहा दिवस, बारा दिवस. ‘तांबी आहे ना, जायचंच,’ असं म्हणत त्यांनी जवळजवळ वर्ष काढलं. दुसऱ्या मजल्यावरच्या वर्गापर्यंत जाताना जिन्यात दोनदा थांबायच्या, आम्ही चेष्टा करायचो की बाई, वजन कमी करा. एक दिवस परीक्षेचे पेपर वाटता वाटता खाली बसल्या. हिमोग्लोबिन निघालं साडेसहा. सोनोग्राफीत गर्भाशयात गाठ. तांबीचा त्यात काही दोष नव्हता. मला त्या चेष्टेची अजून लाज वाटते.

म्हणून हे लक्षात ठेवायचं: पहिल्या सहा महिन्यांतलं जास्त जाणं आणि नंतर नव्यानं सुरू झालेलं जास्त जाणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सगळं स्थिरावल्यावर पुन्हा वाढलं तर ते तांबीच्या नावावर खपवायचं नाही. गाठ असेल, जंतूंची लागण असेल, तांबी जागेवरून हलली असेल. चाळिशीच्या आसपास आणखीही कारणं असतात. तपासूनच घ्यायचं.

तांबी निसटते ती बहुधा पहिल्या तीन महिन्यांत, आणि पुष्कळदा पाळीच्या रक्ताबरोबर. म्हणून सुरुवातीला पाळी संपली की हात स्वच्छ धुऊन, उकिडवं बसून, आत बोट घालून दोरे लागतात का ते बघावं. मासे पकडायच्या दोऱ्यासारखे बारीक, निसरडे लागतात. ओढायचे मात्र नाहीत! लागले की झालं. दोरे लागलेच नाहीत, पूर्वीपेक्षा लांब वाटले, किंवा कडक टोक बोटाला टोचलं, तर दवाखान्यात दाखवायचं आणि तोवर दुसरी काळजी घ्यायची. काही जणींना हे तपासणं किळसवाणं वाटतं, काहींना जमत नाही. त्यांनी तपासणीला गेल्यावर नर्सबाईंकडून बघून घ्यावं. पहिली तपासणी पहिल्या पाळीनंतर, म्हणजे महिना-दीड महिन्यानं असते. पुष्कळ जणी ‘सगळं ठीक आहे’ म्हणून जात नाहीत. जावं.

बसवल्यावर पहिल्या तीन आठवड्यांत ताप आला, ओटीपोट सारखं दुखत राहिलं, घाण वासाचं पांढरं-पिवळं जाऊ लागलं, तर ती लागण असू शकते. ते अंगावर काढायचं नाही. आणि पाळी जास्त जाण्याऐवजी चुकलीच, तर लगेच लघवीची तपासणी. तांबी असताना दिवस जाणं फार क्वचित, पण गेले तर गर्भ नळीत असण्याची शक्यता धरावी लागते. एका बाजूला पोटात जोराची कळ आणि चक्कर असेल तर रात्री-अपरात्रीही निघायचं.

कळांसाठी आणि जास्त जाण्यासाठी गोळ्या आहेत. रक्त कमी जावं म्हणून पाळीच्या पहिल्या काही दिवसांतच घ्यायच्या असतात, आणि पुष्कळ जणींचे पहिले तीन महिने त्यांच्यामुळे सुसह्य होतात. पण त्या डॉक्टरांनी लिहून दिल्यावरच. एकीला चालते ती दुसरीला चालेल असं नाही. घरात डोकेदुखीसाठी ॲस्पिरिन असते, ती मात्र कळांसाठी घेऊ नका, तिनं रक्त जास्त जातं.

आता आपल्या हातातलं. देशपातळीवर २०१९ ते २०२१ मध्ये जी पाहणी झाली, तीत १५ ते ४९ वयाच्या शंभरातल्या ५७ बायकांच्या अंगात रक्त कमी निघालं. म्हणजे तांबी बसवायला जाणाऱ्या निम्म्याहून जास्त बायकांचा गल्ला आधीच रिकामा, आणि त्यातून आणखी थोडं जाणार. म्हणून बसवण्याआधी हिमोग्लोबिन बघून घ्या, बाराच्या वर हवं. कमी असेल तर लोहाच्या गोळ्या आधीपासूनच सुरू कराव्यात. फारच कमी असेल तर ते भरून काढून मग तांबी, किंवा दुसरं साधन, हे डॉक्टर ठरवतील. गोळीनं शौचाला काळं होतं, त्याला भ्यायचं कारण नाही. गोळी चहाबरोबर घेऊ नका आणि कॅल्शियमच्या गोळीबरोबरही नको. लिंबूपाण्याबरोबर घेतली तर चांगली अंगी लागते. जेवणावर लगेच चहा घ्यायची आपली सवय इथे नडते, तासभर थांबावं. बाजरीची भाकरी, हळिवाचे लाडू, पालेभाजीवर पिळलेलं लिंबू, मोड आलेली मटकी, खाणाऱ्यांना कलेजी, हे सगळं बरं. पण पोरांना वाढून उरलं तर खाईन म्हणणाऱ्या बाईच्या पोटात यातलं काही जात नाही, हे मी माझ्यावरून सांगते. मी हळिवाचा एक डबा वेगळा करून त्यावर ‘आईचे’ अशी चिठ्ठी लावली होती. पोरं हसली, पण डब्याला हात लावला नाही.

आणि डाग. रक्ताचा डाग गरम पाण्यात कधी घालू नका, तो पक्का बसतो. थंड पाण्यात मीठ टाकून अर्धा तास भिजवा, मग साबण. चादर खराब होण्याच्या धास्तीनं रात्र रात्र जागणाऱ्यांनी जुन्या दुपट्याच्या आत प्लॅस्टिकचा कागद शिवून खाली अंथरावं, झोप लागते.

हार्मोनची तांबी निघाली आहे, तिच्याबद्दलही विचारणा होते. तिचं गणित उलटं. पहिले तीन-चार महिने वेळीअवेळी डाग दिसत राहतो, पण पुढे पाळी कमी कमी होत जाते, आणि काहींची तर वर्षभरात बंदच होते. ते दिवस राहिल्याचं लक्षण नव्हे, औषधाचा परिणाम. ज्यांची पाळी मुळातच फार जाते त्यांना डॉक्टर ती सुचवतात. साध्या तांबीपेक्षा बरीच महाग असते.

आता पत्र लिहिणाऱ्या बहिणीला.

तुझे एकेचाळीस दिवस मी कागदावर मांडून बघितले. सुरुवातीचे सहा दिवस नेहमीचे. नऊ दिवसांची पहिली पाळी जरा लांबली, पण एकदा झालं तर बिघडत नाही. माझीही तशीच होती. मधला डागही नेहमीचा. यात काढून टाकण्यासारखं मला काही दिसत नाही. मात्र तुझी पहिली तपासणी आता आलीच आहे, या आठवड्यात जा. जाताना हे दिवस लिहूनच ने आणि ‘थोडं जास्त जातंय’ असं म्हणू नकोस. ‘नऊ दिवस, रोज इतक्या घड्या, आता पाच दिवस डाग’ असं सांग. आकडा ऐकला की समोरचं माणूस मान वर करून बघतं. हिमोग्लोबिन करून घे, धाकटी अजून अंगावर पीत असेल तर नक्कीच. पुढची पाळीही आठ दिवसांच्या वर गेली तर गोळ्यांबद्दल विचार.

आणि काढावीशीच वाटली, त्रास सोसवेना, तर तो तुझा हक्क आहे. काढायला दोन मिनिटं लागतात, ‘अजून थोडे दिवस बघा’ म्हणून कुणी तुला परत पाठवता कामा नये. पण दुसरं काय वापरणार ते काढायच्या आधी ठरव, कारण तांबी काढली की पुढच्याच महिन्यात दिवस जाऊ शकतात. इथे तुझ्या ह्यांनी तोंड उघडायला हवं. काही न बोलणाऱ्या नवऱ्यांना सोयीचं असं एक साधन मेडिकलच्या दुकानात मिळतं, आणि एक छोटी शस्त्रक्रियाही आहे, तिला टाका क्वचितच लागतो.

राहिल्या सासूबाई. देवाचं ज्यांनी त्यांनी ठरवावं, मी त्यात पडत नाही. पण त्यांना एवढं सांगून बघ की मधला डाग म्हणजे पाळी नव्हे, ती बसवल्या जागेची कुरकूर आहे. आमच्याकडे हे मी सांगून पटलं नव्हतं. आजेसासूबाईंनी जपाची माळ खाली ठेवून सासूबाईंना सांगितलं, ‘तिला दिवा लावू दे, माझ्या वेळी कुणी विचारलं नाही,’ तेव्हा पटलं. तुमच्याकडेही अशी एखादी म्हातारी असेल. लूपच्या काळातली असेल, तर तिच्याशी आधी बोल.

तपासणीहून आलीस की कार्ड जपून ठेव. त्यावर बसवल्याची आणि काढायची तारीख असते. माझं रेशनकार्डाच्या पिशवीत आहे.